रेसची गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी

पिकअपचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. तसाच एक ट्रेलरवरही असतो, बहुधा पुढच्या डाव्या अंगाला. हंगाम सुरू व्हायच्या दोन महिने आधी हे दोन्ही स्टिकर वाचा आणि त्यांवरचा जीव्हीडब्ल्यूआरचा आकडा वहीत उतरवून घ्या. माणसं, डिझेल, सामान सगळं धरून ते वाहन जास्तीत जास्त किती वजनाचं असू शकतं, हे बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेलं असतं. तो हा आकडा. अमेरिकेत रेसची गाडी ओढून नेणाऱ्याला कोणतं लायसन्स लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो का, दारावर नंबर रंगवावा लागतो का, हे सगळं या दोन आकड्यांपासून सुरू होतं. ‘आत एक छोटी मियाटाच (माझ्दाची लहान स्पोर्ट्स कार) तर आहे’ हे सांगून आकडा खाली येत नाही. कायदा पाटीवरची क्षमता बघतो, आणि प्रत्यक्ष वजन तिच्याहून जास्त भरलं तर ते धरतो.

केंद्राच्या नियमांतल्या दोन रेषा पाठ करून टाका. पहिली १०,००१ पौंडांची, म्हणजे ४,५३६ किलो. पिकअप आणि ट्रेलर यांची मिळून क्षमता तिथवर पोचली आणि प्रवास धंद्यासाठी, राज्याची हद्द ओलांडून असेल, तर तुमची जोडी व्यावसायिक वाहन ठरते. मोठ्या ट्रकचे बरेचसे नियम तुम्हालाही लागू होतात. दुसरी रेषा २६,००१ पौंडांची. जोडीची क्षमता तिथवर पोचली आणि शिवाय एकट्या ट्रेलरची क्षमता १०,००० पौंडांच्या वर असली, तर क्लास ए सीडीएल, म्हणजे व्यावसायिक लायसन्स लागतं. १०,००० पौंडांची पाऊण टनी पिकअप आणि ९,९९० पौंडांचा ट्रेलर ही जोडी वीस हजारांच्या आत राहते, सीडीएलचा विषयच येत नाही. १४,००० ची ड्युअली, म्हणजे मागे जोडचाकं असलेली पिकअप, आणि मागे १४,००० चा गूजनेक, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर, लावला की बेरीज २८,००० होते आणि प्रश्न उभा राहतो. ट्रेलरच्या दुकानांत ९,९९० ची पाटी वरचेवर दिसते, तिचं कारण हेच. पण ती पाटी घेतली की दोन टायरसंच, जनरेटर, ट्रॅकच्या आवारात फिरायची छोटी पिटबाइक आणि हत्यारांची पेटी यांचं वजनही त्या आकड्यात बसवावं लागतं, हे विसरू नका. एकदा सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या सार्वजनिक काट्यावर नेऊन वजन करा. पावती मिळते, ती जपून ठेवा.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा तो प्रश्न: तुमची ही फेरी हौस आहे की धंदा? मी नव्या माणसाला टायर कोणते घेतलेस हे विचारण्याआधी हे विचारतो, आणि बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. ट्रकवाहतुकीच्या सुरक्षिततेचं केंद्रीय खातं एफएमसीएसए. त्याच्या नियमांत, स्वतःची वस्तू अधूनमधून, मोबदला न घेता आणि धंद्याच्या कामासाठी नसताना नेणाऱ्या व्यक्तीला सूट आहे. गाड्या, बोटी, घोडे शर्यतींना आणि प्रदर्शनांना नेणाऱ्यांबद्दल खात्याने खुलासाही केलेला आहे. बक्षिसाची रक्कम ठेवलेली असली तरी सूट मिळते, पण अटी आहेत. तो उद्योग नफ्यासाठी केलेला नसावा, म्हणजे बक्षिसाचे पैसे करविवरणात साधं उत्पन्न म्हणून दाखवलेले असावेत आणि रेसिंगचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा केलेला नसावा. आणि कुठल्या कंपनीचं प्रायोजकत्व नसावं.

या अटी एकदा घरच्या टेबलावर बसून, करविवरण समोर ठेवून तपासा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने मित्राच्या दुकानाचं नाव बॉनेटवर लावलं, बदल्यात वर्षभराची प्रवेश फी घेतली, आणि ‘आपलाच माणूस आहे, हे काही प्रायोजकत्व नव्हे’ असं मनाशी धरलं. ते प्रायोजकत्वच होतं. दुसऱ्याने ट्रेलर आपल्या सल्लागार कंपनीच्या नावावर घेतला, कारण त्यात कर वाचत होता. करखात्याला धंदा म्हणून सांगायचं आणि रस्त्यावर निरीक्षकाला हौस म्हणून सांगायचं, हे चालत नाही. मला ते प्रामाणिकपणाचंही वाटत नाही. मित्राची गाडी आपल्या ट्रेलरवर नेऊन त्याच्याकडून पैसे घेणं तर आणखी पुढची पायरी. मोबदला घेऊन दुसऱ्याचा माल राज्याबाहेर नेला की वेगळा परवाना लागतो आणि १०,००१ पौंड किंवा त्यावरच्या वाहनाला किमान ७,५०,००० डॉलरचा दायित्व विमा लागतो. मित्राला नेत असाल तर मैत्रीखातर न्या.

ट्रेलरच्या मागे ‘नॉट फॉर हायर’ असा स्टिकर लावला की सुटलो, ही समजूत पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर गाड्या आणि ट्रेलर लावायच्या आवारात, सर्रास ऐकू येते. त्या स्टिकरने केंद्राच्या नियमांत काहीही बदलत नाही. भाडं घेत नसलात तरी स्वतःच्या धंद्याचा माल नेणारा वाहतूकदार ठरू शकताच.

हौशी ठरलात तरी लायसन्सचं काम संपत नाही, कारण लायसन्स राज्य देतं आणि इथे प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरचा ट्रेलर हौसेसाठी ओढायचा तरी साधारणपणे अव्यावसायिक क्लास ए लायसन्स लागतं. टेक्ससमध्येही सीडीएलमधून सूट असलेल्या मोठ्या जोडीसाठी वेगळं क्लास ए आहे. ट्रेलरसमोर झोपायची सोय असलेलं टोटरहोम वापरणाऱ्यांनी ‘ही तर आरव्ही (राहायची सोय असलेली सहलीची गाडी) आहे’ एवढ्यावर थांबू नये. आपल्या राज्याच्या मोटार वाहन खात्याला दोन्ही जीव्हीडब्ल्यूआर देऊन लेखी प्रश्न विचारा आणि आलेलं उत्तर छापून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. सीडीएल घ्यावंच लागणार असेल तर वेळ हाताशी ठेवा: ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला नोंदणीकृत संस्थेतून प्रशिक्षण घेतल्याशिवाय वाहन चालवण्याची परीक्षा देता येत नाही.

धंदा ठरत असेल तर फाइल करा. डीओटी नंबर, म्हणजे केंद्रीय परिवहन खात्याचा वाहतूकदार क्रमांक, काढा. तो आणि कंपनीचं नाव पिकअपच्या दोन्ही बाजूंना, ५० फुटांवरून दिवसा वाचता येईल असं हवं. नंबरची माहिती दर दोन वर्षांनी अद्ययावत करावी लागते. डॉक्टरचा दाखला जास्तीत जास्त २४ महिने चालतो आणि तो सीडीएल नसलेल्यालाही, १०,००१ च्या रेषेपासूनच लागतो. रक्तदाब किंवा साखर असेल तर मुदत कमी मिळू शकते, म्हणून तपासणी फेब्रुवारीतच उरका. पिकअप आणि ट्रेलर या दोघांची वेगवेगळी वार्षिक तपासणी लागते. ट्रेलरची तपासणी राहिली, हे उत्तर निरीक्षकांनी पुष्कळदा ऐकलेलं असणार. जोडी २६,००० पौंडांच्या वर गेली तर इंधनकराचा आयएफटीए आणि नोंदणीचा आयआरपी हे दोन विषयही बघावे लागतात.

तासांचा हिशेब धंद्यातल्या माणसाने विशेष काळजीने करावा. सलग १० तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं, आणि तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. रविवारी सकाळी सहाला संघाच्या कामाला पॅडॉकमध्ये उतरलात, दिवसभर पाने-पकडी चालवल्या, सातला ट्रेलर भरला, तर चाक न फिरवता १३ तास संपलेले असतात. मग व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेपासून न्यू जर्सीपर्यंतचे सात-आठ तास त्या रात्री बसत नाहीत. मोटेलची खोली आधीच ठरवा. ३० दिवसांत ८ दिवसांपेक्षा जास्त लॉग, म्हणजे तासांची नोंद, लिहावा लागत नसेल तर इलेक्ट्रॉनिक यंत्र नको, कागदी लॉग चालतो. हौशी माणसाला हा नियम लागू नाही, पण झोप त्यालाही येते. मी रविवारी रात्री निघणं सोडून दिलं आहे.

आठवडाभर आधी ट्रेलरखाली झोपून बघा. टायरची खाच पिकअपच्या पुढच्या चाकांवर किमान ४/३२ इंच, बाकी सगळीकडे २/३२ इंच, ही व्यावसायिक वाहनाची मोजपट्टी आहे. हौशी माणसानेही तीच वापरावी. ट्रेलरचे टायर खाच झिजण्याआधी वयाने मरतात, तेव्हा बाजूच्या भिंतीवरच्या चार आकडी तारखेकडे आणि बारीक भेगांकडे बघा. दिवे जोडून मागे माणूस उभा करा. ट्रेलर पिकअपला धरून ठेवणाऱ्या सुरक्षा-साखळ्या अंगठीएवढ्या कड्या लावलेल्या नकोत, ट्रेलरचं वजन पेलतील अशा हव्यात.

ब्रेकअवेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. ट्रेलर हिचवरून, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडावरून, निसटला तर एक पिन खेचली जाते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी त्याचे ब्रेक लावते. ते ब्रेक किमान १५ मिनिटं धरून राहिले पाहिजेत. वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर जाताना एका तपासणीत निरीक्षकाने माझ्यासमोर ती पिन ओढली आणि पिकअप हळूच पुढे घ्यायला सांगितलं. ट्रेलर सहज मागोमाग आला. हिवाळाभर बॅटरी चार्ज केलीच नव्हती. एखाद्या उतारावर, मागे माणसांनी भरलेल्या गाड्या असताना काय होऊ शकलं असतं, हे त्या माणसाने मला न ओरडता समजावलं. तेव्हापासून पिन ओढून बघितल्याशिवाय मी अंगणाबाहेर पडत नाही. दर वेळी बघतो, घाई असली तरी.

गाडी बांधण्याचा नियम साधा आहे: पुढून आणि मागून दोन्हीकडून बांधलेली हवी, एकूण पट्टे किमान दोन. पण तुम्ही पुढे दोन आणि मागे दोन लावा. पट्ट्यांची एकूण कार्यभार-मर्यादा, म्हणजे ते सुरक्षितपणे पेलतील तो भार, गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नको. मर्यादेचा शिक्का पट्ट्यावर वाचता आला पाहिजे. शिक्का पुसला असेल किंवा कडेला चीर असेल तर तो पट्टा टाकून द्या. शासीला बांधत असाल तर त्यासाठीच केलेल्या कड्यांना बांधा, सस्पेन्शनच्या हाताला नाही. गाडीबरोबरचं सामानही माल आहे: सुटा जॅक, उभे ठेवलेले टायर, टूलबॉक्स, सगळं बांधा.

केबिनमध्ये हाताशी येईल असा अग्निशामक ठेवा, ५ बी:सी क्षमतेचा, काटा हिरव्यात असलेला. तीन परावर्तक त्रिकोण ठेवा. रेस फ्युएलबाबत सूट मर्यादित आहे: धंद्याच्या साहित्यासाठीच्या सवलतीत पेट्रोल एका डब्यात ३० लिटरपर्यंत आणि अशा सगळ्या घातक साहित्याचं मिळून वजन २०० किलोपर्यंत चालतं. ५५ गॅलनचं पिंप त्यात बसत नाही. इंधन ट्रॅकवर मिळत असेल तर तिथेच घ्या.

निघण्याच्या आदल्या रात्री एका पारदर्शक फोल्डरमध्ये लायसन्स, दोन्ही वाहनांची नोंदणी, विम्याचं कार्ड, रेसच्या गाडीच्या मालकीचा कागद, कार्यक्रमाच्या प्रवेशाची पावती आणि काट्याची पावती ठेवा. रेसच्या गाडीला नंबरप्लेट नसते, त्यामुळे ती तुमची आहे हे दाखवणारा कागद खूप कामाला येतो. वाटेतल्या प्रत्येक राज्याचे वजनकाट्यावर थांबण्याचे नियम लिहून घ्या. कुठे सगळ्या व्यावसायिक वाहनांना वळावं लागतं, कुठे ठरावीक वजनावरच्यांना. शंका असली तर वळा. दोन मिनिटं जातात. वेगमर्यादाही बघा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ मैलांची मर्यादा आहे, मग पिकअप कितीही ताकदवान असो.

तपासणीच्या तऱ्हा असतात. लेव्हल थ्री म्हणजे ड्रायव्हर आणि कागद. लेव्हल टू म्हणजे शिवाय वाहनाभोवती फिरून पाहणी. लेव्हल वन पूर्ण, ३७ पायऱ्यांची, त्यात निरीक्षक खाली शिरतो. सीव्हीएसए ही व्यावसायिक वाहनांच्या सुरक्षिततेसाठीची संस्था दर वर्षी ७२ तासांची मोठी मोहीम काढते, बहुधा मे महिन्यात. तारखा आधी जाहीर होतात, तेव्हा त्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. थांबवलं की इंजिन बंद करा, हात दिसू द्या, आत काय आहे ते स्पष्ट सांगा: रेसची गाडी, इतके लिटर पेट्रोल, एक नायट्रोजनचा सिलिंडर. भारतात आरटीओ म्हटलं की कपाळावर आठी घेऊन उभं राहायची सवय काहींना असते. इथे ती गाडीतच ठेवून उतरा. प्रश्न विचारला तेवढंच आणि खरं उत्तर द्या. ‘आउट ऑफ सर्व्हिस’ लिहिलं तर दोष दुरुस्त होईपर्यंत ते वाहन हलवायचं नाही, इंचभरही नाही. व्यावसायिक असाल तर अहवालावर दुरुस्तीची नोंद आणि सही करून तो १५ दिवसांत परत पाठवायचा असतो.

रस्त्याला लागल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत एकदा थांबून पट्टे बघा. गाडी सस्पेन्शनवर बसते आणि पट्टे सैल पडतात. त्यानंतर दर १५० मैलांवर किंवा तीन तासांनी, जे आधी येईल तेव्हा. प्रत्येक थांब्यावर ट्रेलरच्या चारही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हात न्या. एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर ते बेअरिंग आहे किंवा अडकलेला ब्रेक, तिथून पुढे जाऊ नका. परतीच्या वाटेवर हेच सगळं पुन्हा करायचं आहे, थकलेल्या हातांनी आणि बहुधा अंधारात, म्हणून डोक्याला लावायची बॅटरी फोल्डरशेजारीच ठेवा.