कोरोनात बेरोजगारी कमी झाली म्हणे! हा आकडा वाचायचा कसा?

कोरोनाच्या काळात देशातली बेरोजगारी कमी झाली असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू, पण पीएलएफएस नावाचं सरकारी सर्वेक्षण तेच सांगतं, २०१९-२० ला ४.८ टक्के आणि २०२०-२१ ला ४.२. आकडा खोटा नाहीये, वाचायची रीत माहीत नसते एवढंच.

पहिलं काम, आकडा कुठल्या पद्धतीचा ते बघा. वर्षाच्या पद्धतीत मागचे ३६५ दिवस विचारतात आणि जेमतेम ३० दिवस काम केलेला माणूससुद्धा कामाला लागलेला धरला जातो. आठवड्याच्या पद्धतीत फक्त मागचे ७ दिवस, त्यात कधीही एक तास काम केलं की झाला तो रोजगारवाला! एप्रिल ते जून २०२० मध्ये शहरांतली बेरोजगारी साधारण २१ टक्क्यांवर गेली ती या आठवड्याच्या पद्धतीने, आणि ते ४.२ वर्षाच्या पद्धतीचे, गावं धरून. या दोन्हींची तुलना करायचीच नाही.

मग माणूस गेला कुठे ते शोधा, खरी मेख इथेच आहे. समजा पुण्यात हॉटेलात वेटर असलेला पोरगा लॉकडाउनमध्ये गावी आला आणि वडिलांच्या दोन एकरात खुरपायला लागला, हातात पगार शून्य, जे काम आधी दोघं करायचे ते आता तिघं करतात, तरी सर्वेक्षणात तो बेरोजगार नाही, "घरच्या कामात बिनपगारी मदतनीस" म्हणून रोजगारातच मोजला जातो. म्हणून बेरोजगारीच्या शेजारी शेतीचा तक्ता उघडा. काम करणाऱ्यांपैकी शेतीवरचे २०१८-१९ ला ४२.५ टक्के होते, २०२०-२१ ला ४६.५ झाले आणि २०२३-२४ ला पण ४६.१ च, म्हणजे कोरोना गेला तरी शेतीवरचा भार काही उतरला नाही.

बायकांचंही तसंच, श्रमबलातला (म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून) त्यांचा सहभाग २०१७-१८ च्या २३.३ वरून २०२३-२४ ला ४१.७ टक्के झाला, ऐकायला झकास, पण टाळ्या वाजवायच्या आधी त्यात पगारी किती आणि बिनपगारी किती ते बघा.

आता ॲपवाले. डिलिव्हरीवाला बाइकवर बसून तीन तास ऑर्डरची वाट बघतो, त्याचं पेट्रोल, त्याचाच मोबाइल, आणि कंपनी त्याला नोकर नाही तर पार्टनर म्हणते (पार्टनर म्हणे, नफ्यात वाटा कुठाय?). नीती आयोगाने २०२०-२१ साठी असे गिग कामगार ७७ लाख धरले आणि २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील म्हटलं, पण हा अंदाज आहे, डोकी मोजलेली नाहीत.

पीएफचे आकडे दाखवून कुणी "एवढ्या नोकऱ्या लागल्या" म्हणालं तर सावध राहा, कारण कंपनीत २० माणसं झाली की पीएफ लागू होतो आणि जुनीच माणसं नव्याने यादीत येतात. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी म्हणजे पण नोकरी नव्हे, कार्ड काढलंय फक्त.

शेवटचं, २०२५ पासून पीएलएफएस दर महिन्याला येतं आणि ते आठवड्याच्या पद्धतीचं असतं. त्यामुळे २०२३-२४ चे ३.२ आणि एप्रिल २०२५ चे ५.१ शेजारी ठेवून व्हॉट्सॲपवर बोंब मारू नका, आधी ज्याने फॉरवर्ड केलंय त्याला विचारा, वर्षाचा आकडा का आठवड्याचा?