जुन्या सायकलची बीबी खोलताना या चुका टाळा

इंदूरला पावसाळा सरला की रामबाग, नारायणबागेतल्या घरांमधल्या जुन्या काळ्या सायकली कुरकुरायला लागतात. सीटच्या नळीतून झिरपलेलं पाणी थेट खाली बीबीत (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पेडलांच्या मधला फ्रेममधला बेअरिंगचा भाग) उतरतं आणि माळव्याची चिकट काळी माती त्यात भर घालते. पेडल मारताना कटकट आवाज आला, क्रँक (पेडल जोडलेला दांडा) हलली, की बीबी खोलायची वेळ झाली समजा. काम घरी होण्यासारखं आहे, पण घाईने केलं तर फ्रेमच निकामी होते.

सगळ्यात जास्त नुकसान कॉटर पिन (क्रँकला अ‍ॅक्सलवर, म्हणजे बीबीतल्या आडव्या दांड्यावर, पक्कं धरणारी खीळ) काढताना होतं. लोक नट पूर्ण काढतात आणि पिनच्या उघड्या आट्यांवर छोट्या हातोडीने ठकठक करत बसतात. आट्यांचं टोक पसरतं, पिन वाकते, मग ड्रिल मारण्यावाचून गत्यंतर नाही. त्याऐवजी आदल्या रात्री तेल सोडा. नट फक्त इतका सैल करा की त्याची वरची कड पिनच्या टोकाशी समतल येईल. मग जमिनीपासून क्रँकपर्यंत पोचेल एवढा जाड लोखंडी पाइपचा तुकडा क्रँकखाली उभा टेकवा, पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत येईल असा. हा टेका विसरू नका. तो नसेल तर प्रत्येक घाव अ‍ॅक्सलमधून छर्‍यांवर जातो आणि कपाला (बेअरिंगचे छर्रे ज्यात फिरतात ती वाटी) खड्डे पडतात. आता वजनदार हातोड्याचा एकच नेमका घाव घाला. दहा हलक्या ठोक्यांनी पिन उलट जास्त फसते.

दुसरी चूक दिशेची. डाव्या बाजूची लॉक रिंग (कप जागेवर धरणारी कडी) आणि कप घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवले की सुटतात. चेनच्या बाजूच्या कपाला मात्र उलटे आटे असतात, म्हणजे त्या बाजूने बघत तो काट्यांच्या दिशेनेच फिरवून सोडायचा. पेडल मारताना कप आपोआप सैल होऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे. चुकीच्या दिशेने पाइप लावून जोर केलात, तर फ्रेमचे आटे जातात. कपावर आट्यांचं माप १.३७ × २४ कोरलेलं असेल तर हा नियम लागू. ३६ × २४ असेल, तर फ्रेम इटालियन मापाची आहे आणि तिचे दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात.

माझं स्पष्ट मत असं, की उजवा कप शक्यतो काढूच नका. डावी बाजू खोलून अ‍ॅक्सल बाहेर काढा, कप आतल्या आत रॉकेलने धुवा आणि टॉर्च लावून बघा. छर्‍यांची वाट गुळगुळीत असेल तर तो तिथेच राहू द्या. खड्डे असतील तरच हात लावा. त्याच्या कडा पातळ असल्याने पाना घसरतो. पाना कपावर बसवून आतून लांब बोल्ट, दोन्ही टोकांना मोठे वॉशर आणि नट लावून आवळा, म्हणजे घसरायला वावच उरत नाही. छिन्नी ठोकून कप फिरवणं टाळा. सियागंजात योग्य मापाचा पाना शोधणं बरं.

कप सोडताना खाली थाळी ठेवा. सुटे छर्रे असतील तर सहसा पाव इंचाचे, प्रत्येक बाजूला ११. जुने आणि नवे मिसळू नका, सगळे नवेच घाला. अ‍ॅक्सलचं कोणतं टोक चेनकडे होतं तेही खूण करून ठेवा, कारण दोन्ही बाजू बहुधा सारख्या लांबीच्या नसतात.

जोडताना कॉटर पिना नव्याच घ्या. क्रँक आडव्या धरल्यावर एका पिनेचा नट वर आणि दुसरीचा खाली यायला हवा, नाहीतर पेडलं एका रेषेत बसत नाहीत. पिन हातोड्याने बसवा. नट आवळून ती ओढत राहिलात, तर आटेच तुटतात. पहिल्या फेरीनंतर पिन थोडी आत जाते, म्हणून परत एकदा टेका लावून ठोका आणि नट आवळा.