वाचनालयात माहिती अधिकाराचा कोपरा कसा चालवावा

वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्याला गावच्या रस्त्यावर किती खर्च झाला, हेही तिथेच कळायला हवं. त्यासाठी एक टेबल, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणि एक नोंदवही पुरते.

सुरुवात अर्जाने करू नका. माहिती अधिकार कायदा 2005च्या कलम 4 खाली प्रत्येक कार्यालयाने 17 बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्राकडून त्यांची प्रत मिळवून फाईलला लावा. पुष्कळांचं काम तिथेच भागतं.

नाही भागलं, तर अर्ज. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरायचं, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. अर्ज माणसाच्या नावाने करा, वाचनालयाच्या नव्हे; हा हक्क नागरिकाचा आहे. कारण सांगायची गरज नाही.

सगळ्यात जास्त अर्ज प्रश्नाच्या मांडणीत फसतात. 'रस्ता एवढ्या लवकर का उखडला?' असं विचारलं की उत्तर येतं, 'खुलासा मागता येत नाही.' आणि ते नियमाला धरूनच असतं, कारण कायदा कार्यालयात असलेली कागदपत्रं देतो, कारणमीमांसा नाही. म्हणून असं लिहा: 'अमुक रस्त्याच्या 2023-24 मधील कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानं आणि अदा केलेली देयकं यांच्या छायांकित प्रती.' मोजमाप पुस्तिका विसरू नका. प्रत्यक्ष किती काम झालं म्हणून पैसे दिले, ते तिच्यातच दिसतं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्याच. पोच नसली की उत्तरासाठीचे 30 दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

मुदतीत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील (म्हणजे त्याच कार्यालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद), 20 रुपयांच्या स्टॅम्पसह. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती मोफत मिळायला हवी, हे अपिलात लिहा. नोंदवहीत 'अपिलाची शेवटची तारीख' असा वेगळा रकाना ठेवा आणि दर सोमवारी तो बघा.

आलेल्या उत्तराची झेरॉक्स अर्जदाराच्या परवानगीने, पत्ता व मोबाईल नंबर खोडून, विषयवार बॉक्स फाईलमध्ये ठेवा. तेच कागद पुन्हा मागायला दुसऱ्याला महिनाभर थांबावं लागत नाही.