काळे डाग आणि वांग: कोणतं क्रीम, कधी, किती

एप्रिलच्या खरड छाटणीला निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत दिवसभर राबणाऱ्या बायकांचे वांग गडद होतात. नाशकात स्कार्फ बांधून स्कूटी चालवणाऱ्या मुलींचे मुरमांचे डागही लवकर हटत नाहीत. दोन्हींत त्वचा जादा मेलॅनिन, म्हणजे काळसर रंगद्रव्य, बनवते, पण आधी डाग ओळखा. मुरमानंतर राहिलेला डाग सहसा काही महिन्यांत फिकट होतो. दोन्ही गालांवर सारखा पसरलेला तो वांग. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनी तो वाढतो आणि गेला तरी परततो. मानेवर, काखेत जाडसर मखमली काळेपणा असेल तर क्रीमवर खर्च करण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या. आकार बदलणारा किंवा रक्त येणारा डाग थेट डॉक्टरांना दाखवा.

पहिली पायरी सनस्क्रीनची. ती टाळली तर पुढचं सगळं वाया जातं. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन निवडा. कारण नुसता डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो.

मग एकच घटक घ्या. नवख्यांना मी ५ टक्के नायासिनामाइड सुचवेन. ते रंगद्रव्य वरच्या पेशींत जाऊ देत नाही आणि सहसा झोंबत नाही. मुरमं चालू असतील तर १० टक्के अझेलिक ॲसिड जास्त उपयोगी, मुरमं आणि डाग दोन्हींवर चालतं. गरोदरपणातही ते डॉक्टरांना विचारून वापरता येतं. व्हिटॅमिन सी सकाळी, सनस्क्रीनखाली. सीरम गडद तपकिरी झालं की टाकून द्या. अल्फा आर्ब्युटिन आणि कोजिक ॲसिड मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला आवर घालतात, पण कोजिकने काहींची त्वचा लाल होते.

कोणतंही क्रीम आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून पाहा. त्रास झाला नाही तर एक दिवसाआड सुरू करा. चुरचुर म्हणजे गुण येतोय असं समजू नका. सावळ्या त्वचेवर जळजळीनेच नवे डाग पडतात. लिंबाचा रस तर लावूच नका. तो लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते.

आणि कळकळीने सांगते, मेडिकलमधून मागून आणलेलं ‘गोरं करणारं’ मिश्र क्रीम नको. त्यात बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड असतं. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून बाया महिनोन्‌महिने लावतात. मग त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसतात, मुरमं उसळतात आणि क्रीम थांबवलं की आग होते. डॉक्टरांनी ठरावीक मुदतीपुरतं दिलं तर गोष्ट वेगळी. आपल्याला डाग घालवायचे आहेत, अंगचा रंग नाही.

फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. महिन्यातून एकदा त्याच खिडकीच्या उजेडात फोटो काढा. तीन महिन्यांनी फोटो सारखेच दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी.