देश हिरवा दिसतोय, पण एकरी उतारा? रब्बीच्या पेरणीआधी तपासून घ्या

नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांनी २००० ते २०१७ या काळात टिपलेल्या माहितीवरचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात जगभरातले पानांचे क्षेत्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढले आणि त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा चीन आणि भारताचा निघाला. चीनमध्ये या वाढीचा सर्वांत मोठा भाग जंगलांतून आला. आपल्याकडे ८२ टक्के वाढ शेतजमिनीतून आली. म्हणजे देशाचा हा हिरवेपणा शेतकऱ्याने राबून मिळवलेला आहे, आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा.

हा हिरवेपणा कशावर उभा आहे हेही बघू. एका पिकाच्या जागी दोन-तीन पिके आली, विहिरी-बोअर वाढले, खताच्या गोण्या वाढल्या. जमिनीखालचे पाणी जगात सर्वांत जास्त उपसणारा देश आपलाच आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याचा फायदा गहू, हरभरा, सोयाबीन, कपाशीला काहीसा मिळतो. ज्वारी, मका, उसाला फारसा नाही. शिवाय त्यामुळे गव्हासारख्या पिकाच्या दाण्यातली प्रथिने, जस्त आणि लोह घटते.

शिवाय उपग्रह पाने बघतो, दाणा बघत नाही. गायरानात माजलेले गाजर गवत, घाणेरी, वेडी बाभूळ हेही त्याला हिरवेच दिसते. वेड्या बाभळीच्या शेंगा सोडल्या तर जनावराच्या तोंडी त्यातले जवळपास काहीच लागत नाही. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण ठरला. उत्तरेत गहू शेतात भरगच्च उभा होता, पण दाणा भरण्याच्या वेळीच उन्हाने गाठले आणि तो बारीक राहिला.

जमिनीचे खरे चित्र कळते ते दीर्घकालीन खत प्रयोगांतून. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून देशभर ठरावीक शेतांवर दरवर्षी तीच खते, त्याच मात्रेत देऊन हे प्रयोग चालवले आहेत. आपल्याकडे अकोल्याला ज्वारी-गव्हावर असा प्रयोग आहे. हिमाचलात पालमपूरच्या आम्लधर्मी जमिनीत नुसते नत्र (युरियातून मिळते ते नायट्रोजन) दिलेल्या वाफ्यांत काही वर्षांनी पीक येणेच थांबले. शिफारशीची रासायनिक खते आणि जोडीला शेणखत दिलेल्या वाफ्यांनी मात्र बहुतेक ठिकाणी उतारा टिकवला, सेंद्रिय कर्बही (कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणखतातून जमिनीत येणारा कार्बन) वाढवला. आपल्याकडच्या काळ्या जमिनी आम्लधर्मी नाहीत, त्यामुळे इथे घसरण इतकी उघड दिसत नाही. नुसत्या युरियावर भिस्त ठेवणाऱ्याला ती उशिरा कळते, एवढेच.

आता या हंगामाचे. सोयाबीन, उडीद, मूग निघाले की खत टाकण्याआधी मातीचा नमुना घ्या. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या बाजूची माती तासून घ्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळा. माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. अहवालात सेंद्रिय कर्ब, जस्त आणि गंधकाचे आकडे आवर्जून बघा.

काड आणि कुटार पेटवू नका, ही कळकळीची विनंती आहे. उसाचे पाचट सरीत ठेवून दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर ते शेतातच कुजते.

पीक ठरवताना विहिरीचे पाणी मोजून ठरवा. जिरायत हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, बागायती २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरमध्ये पेरा. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोगाला आवर घालणारी उपयोगी बुरशी), मग रायझोबियम (हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू) आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू लावून सावलीत सुकवा. रब्बी ज्वारीत जमिनीची खोली बघूनच वाण घ्या: हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा. एक-दोन पाण्याचीच खात्री असेल तर गव्हाचा मोह सोडून हरभरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गहू घेणारच असाल तर १ ते १५ नोव्हेंबरमध्ये पेरा. पुढे प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास घट धरावी लागते, आणि दाणा भरताना उन्हात सापडण्याचा धोकाही वाढतो. दोनच पाणी असतील तर पहिले २०-२२ दिवसांनी, दुसरे ६०-६५ दिवसांनी द्या.

पाच-सात वर्षांत आपले रान चढले की उतरले, हे आठवणीवर सांगता येत नाही. म्हणून काढणीच्या वेळी शेताच्या मधोमध, बांधापासून लांब, १० बाय ५ मीटरचा तुकडा आखा आणि तेवढाच वेगळा मळा. वाळलेल्या दाण्याचे जितके किलो भरतील त्याची दुप्पट म्हणजे हेक्टरी क्विंटल. ५ किलो भरले तर हेक्टरी १० क्विंटल. सोबत खताच्या गोण्या, पाण्याच्या पाळ्या आणि दिवाळीनंतरची विहिरीची पातळी लिहा. उतारा तोच आणि गोण्या-पाळ्या वाढत चालल्या असतील, तर पुढच्या खरिपात त्या रानात तूर किंवा मूग-उडदाचा बेवड (पुढच्या पिकासाठी रान सुधारणारे पीक) घ्या आणि घरचे शेणखत आधी तिथेच टाका.