कासची सोनकी दिवाळीच्या कार्डावर

दिवाळीची कार्डं मी फुलाचा फोटो फिकट छापून, त्यावर रंगीत पेन्सिली फिरवून करते. छापील चित्र घेतलं की कार्ड हाताचं राहत नाही, असं मला बरेच जण ऐकवतात. मला ते मुळीच पटत नाही. छापलेली रेघ फक्त जागा दाखवते, फूल उमलतं ते पेन्सिलीने. फक्त छपाई इतकी फिकट हवी की रंग चढल्यावर ती शोधूनही सापडू नये.

चित्र बाजारात शोधत बसू नका. आम्हा सातारकरांना कास पठार पंचवीसेक किलोमीटरवर. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलं असतात, म्हणजे फोटो काढून दिवाळीपर्यंत कार्डं हातावेगळी करायला पुरेसा अवधी मिळतो. फोटो पायवाटेवरूनच काढा, आणि फूल तोडू नका. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत कास आहे, पण यादी नसती तरी मी हेच सांगितलं असतं. फुलांचा अख्खा गालिचा लहान कार्डावर नुसता चिवडा दिसतो. एकच फूल घ्या, अगदी जवळून. सीतेची आसवे ही फुलं प्रत्यक्षात इतकी बारकी की वाकल्याशिवाय दिसत नाहीत, पण कार्डावर मोठी केली की त्यांचा निळा-जांभळा रंग बघत राहावा असा. सुरुवात मात्र सोनकीच्या पिवळ्या फुलाने करा. पाकळ्या मोकळ्या, आकार सोपा.

फोटो वर्डमध्ये टाकून रंगांच्या पर्यायांत ‘वॉशआउट’ निवडा, चित्र लगेच फिकं पडतं. ए-४ पान उभं ठेवा आणि चित्र उजव्या अर्ध्या भागात दोनदा लावा, एक वर, एक खाली. छापून झाल्यावर पान मधोमध आडवं कापलं की दोन कार्डं निघतात. प्रत्येकाची घडी घातल्यावर साधारण १०.५ बाय १४.८ सेंटिमीटर. चित्र घडीपासून बोटभर लांब ठेवा, कारण लेझरची शाई घडीवर तडकते आणि पांढरी चीर दिसते.

कागद जाडसर, २२० ते २५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम), गुळगुळीत चकचकीत नको. पेन्सिलीचा मेणकट रंग धरायला कागदाला थोडी खरखर लागते. झेरॉक्सवाल्याला ‘जाड कागदाचं सेटिंग लावा आणि कागद बायपास ट्रेमधून घ्या’ एवढं आवर्जून सांगा. बायपास ट्रे म्हणजे मशीनचा सुटे कागद घालायचा वेगळा ट्रे. नाहीतर शाई नीट भाजली जात नाही आणि बोट फिरवलं की निघून येते. घरच्या इंकजेटवर छापत असाल तर प्रिंट चांगली सुकू द्या.

आता पिवळा रंग. सगळा कस इथेच लागतो. राखाडी रेघेवर पिवळा फिरवला की तो हिरवट, मळका होतो. म्हणून सोनकीसाठी चित्र राखाडीत छापू नका, रंगांच्या त्याच यादीतून फिकी तपकिरी किंवा नारिंगी छटा निवडा. मग ती रेघ पिवळ्याखाली मुरून जाते. पहिला हात लिंबू-पिवळ्याचा. पेन्सिल टोकापासून लांब धरा, दाब जवळजवळ नाहीच, आणि बारीक गोल फिरवत जा. कागदाचे पांढरे ठिपके मधूनमधून दिसत राहिले तर उत्तम. त्यावर गडद पिवळा, फक्त पाकळीच्या बुडाशी आणि जिथे एक पाकळी दुसरीखाली जाते तिथे. सावलीसाठी काळा कधीच नको. मातकट पिवळा किंवा तांबूस तपकिरी घ्या, तोही टोक काढून, केसासारख्या रेषांत. मधली चकती जरा नारिंगीकडे झुकू द्या, तिथे रंग न घासता ठिपके द्या. सगळे थर बसले की शेवटी पांढऱ्या पेन्सिलीने दाबून घासा. रंग एकमेकांत मिसळतात आणि पाकळीला तकाकी येते. हे काम शेवटचंच, कारण एकदा असं घासलं की वर नवा रंग नीट धरत नाही आणि खोडरबरही चालत नाही.

पांढरी फुलं असतील, गेंद म्हणा, तर फूल कोरंच ठेवून भोवतालचं गवत गडद करा. मागचं सगळं रंगवायचा मोह आवरा. छापलेली फिकी पानं थोडी तशीच राहिली तर फूल पुढे येतं. हाताखाली कोरा कागद ठेवायला विसरू नका. गडद रंगावर काही दिवसांनी पांढुरकी झाक आली तर घाबरू नका, ते मेण वर आलेलं असतं. मऊ कापडाने हलकं पुसलं की जातं.

घडी सरळ हाताने घालू नका. पट्टी ठेवून संपलेल्या रिफीलने एक रेघ दाबून ओढा, मग मोडा. मजकूर पेनाने लिहायचा तर रंग नसलेल्या जागेवर. मेणावर जेल पेन अडखळतं. मी आत दोनच ओळी लिहिते, पण ज्याला पाठवायचं त्याच्या घरातलं काहीतरी त्यात येतंच. जाऊबाईंच्या कार्डात यंदा त्यांच्या चकलीच्या भाजणीची मागणी आहे.

पाकीट साध्या ए-४ कागदातून बनतं. दोन्ही लांब कडा २.७ सेंटिमीटर आत मोडा, खालून ११.२ सेंटिमीटर वर दुमडून कडांना ग्लू स्टिक लावा, उरलेला भाग झाकण. पातळ डिंक लावला तर कागद सुरकुततो. कार्ड आणि पाकीट मिळून १२-१३ ग्रॅम भरतात, म्हणजे पोस्टाच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात आरामात बसतं. कार्ड आत सरकवण्याआधी चित्रावर बटर पेपरचा तुकडा ठेवा. पोस्टाचा शिक्का जोरात बसतो, आणि त्या दाबाने मेण पाकिटाला लागतं.