सिंगल एज रेझर नवा आहे? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

कार्ट्रिज (डोकंच बदलायचा रेझर) किंवा डबल एज (दोन्ही कडांना धार असलेलं ब्लेड) सोडून सिंगल एजकडे, म्हणजे एकाच कडेला धार असलेल्या ब्लेडकडे वळताना हाताची जुनी सवयही सोबत येते. दोन-तीन दाढ्यांत गळा लाल होतो आणि दोष ब्लेडला मिळतो. बहुतेक वेळा ब्लेड नीट बसलेलं नसतं, नाहीतर हात रेझर दाबत असतो.

चुकीचं ब्लेड

सिंगल एज हे एकच माप नाही. जुन्या अमेरिकन जेम पद्धतीच्या रेझरचं ब्लेड सुमारे 0.23 मि.मी. जाड असतं आणि त्याच्या पाठीला धातूची पट्टी असते. (आपल्या नेहमीच्या डबल एज ब्लेडची जाडी 0.1 मि.मी.) फेदर, काई या जपानी कंपन्यांची आर्टिस्ट क्लब पद्धतीची ब्लेडं लांब आणि कडक असतात, ती मूळची सलूनच्या वस्तऱ्याची. तिसऱ्या प्रकारात डबल एजचं अर्धं पातं लागतं. एकाचं ब्लेड दुसऱ्यात बसत नाही, बसवायचा प्रयत्नही करू नका.

जेमच्या मापात रंग खरवडायची ब्लेडंही मिळतात. दिसायला तीच, पण त्यांना लेप नसतो आणि त्वचेवर ती ओढतात. दाढीसाठी लेप दिलेलं स्टेनलेस ब्लेडच घ्या.

अर्धं पातं करायचं असेल तर ब्लेड कागदातून न काढता लांबीच्या रेषेवर दुमडून मोडा. सलूनमध्येही असंच करतात.

ब्लेड तिरकं बसणं

एका गालावर दाढी छान होते आणि दुसरी बाजू खरचटते, तेव्हा आधी हेच तपासा. जेमच्या डोक्यात पुढच्या दोन कोपऱ्यांना छोटे अटकाव असतात. ब्लेडचे दोन्ही कोपरे त्यांना टेकले पाहिजेत. तिथे साबणाचा वाळलेला थर बसला की एक कोपरा मागे राहतो आणि धार एका बाजूला जास्त बाहेर येते. जुन्या टूथब्रशने अटकाव आणि मागच्या स्प्रिंगा घासा, ब्लेड पुन्हा बसवा, मग उजेडात समोरून पाहा. धार आणि रेझरच्या डोक्याची खालची पट्टी यांच्यातली फट दोन्ही टोकांना सारखी दिसली पाहिजे.

कोन आणि दाब

बऱ्याच तक्रारी इथल्याच. रेझरच्या डोक्याचा वरचा सपाट भाग गालावर पूर्ण टेकवा. या स्थितीत तो नुसता सरकेल, कापणार नाही. आता दांडी हळूहळू चेहऱ्याकडे खाली आणा. खुंट कापल्याचा कर्र असा आवाज सुरू झाला की थांबा, तो तुमचा कोन. जाड ब्लेडचा आवाज स्पष्ट येतो, त्याचा उपयोग करून घ्या. त्याहून खाली गेलात तर ब्लेड कापायचं सोडून कातडी खरवडू लागतं.

कार्ट्रिज दाबला तरी चालून जातं, कारण त्याची मान वाकते. इथे मान ताठ आहे आणि ब्लेडही वाकत नाही, त्यामुळे सगळा दाब थेट कातडीवर येतो. दांडी टोकाकडे, तीन बोटांत सैल धरा. एका वेळी दोन-तीन सेंटीमीटरच ओढा. मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरा: गालावर कानाकडे, गळ्यावर खाली गळपट्टीच्या हाडाकडे.

फेस कोरडा

घट्ट, उभा राहणारा फेस दिसायला छान, पण त्यात बहुधा पाणी कमी असतं आणि रेझर अडकतो. ओला ब्रश झटकून साबणावर 30 सेकंद फिरवा, किंवा बदामाएवढं क्रीम घ्या. मग थेंब-थेंब पाणी घालत फेटा. फेसाला दह्यासारखी चमक आली आणि दोन बोटांत तो निसरडा लागला की झाला. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होऊन फेस बसतो. तिथे साबण थोडा जास्त घ्या, किंवा तेवढ्यापुरतं अर्धा पेला फिल्टरचं पाणी वापरा. फरक लगेच कळेल.

पहिल्याच दिवशी उलटी दाढी

गळ्यावरचे केस एकाच दिशेने वाढत नाहीत, जबड्याखाली अनेकांना भोवरा असतो. दोन दिवसांच्या खुंटांवर बोट फिरवा. गुळगुळीत लागेल ती सुलटी दिशा. पहिला आठवडा सुलटी, मग पुन्हा फेस लावून आडवी, एवढंच करा. उलटी नंतर. फेस नसलेल्या जागी रेझर परत फिरवू नका.

तुरटीचं ऐका

दाढी झाल्यावर गार पाण्याने तोंड धुऊन ओली तुरटी फिरवा, अर्ध्या मिनिटाने धुवा. जिथे झोंबेल तिथे दाब जास्त पडला किंवा कोन चुकला. सगळीकडे सारखीच झोंबत असेल तर फेस कोरडा होता किंवा ब्लेड संपलं आहे.

ब्लेडची धार टॉवेलने पुसू नका, लेप निघतो आणि बोटही कापतं. पाण्यात खळबळून झटका आणि वाळू द्या. ओढ लागू लागली की ब्लेड बदला, आकडा मोजत बसू नका. जुनी ब्लेडं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा. कचऱ्यात सुटं टाकलेलं ब्लेड सफाई कामगाराच्या हाताला लागतं.